न वाजणारी वाद्ये

नाट्यशास्त्राने वाद्यांचे चार वर्ग सांगितले आहेत. तारांची ती तत, फुंकरीने वाजणारी ती सुषिर, चामड्याने मढविलेली ती अवनद्ध आणि टाळ-झांजांसारखी परस्परांवर आघात करून वाजणारी ती घन. पुढे तेराव्या शतकात देवगिरीच्या यादवांच्या आश्रयास असलेल्या शार्ङ्गदेवाने ‘संगीतरत्नाकर’ रचला, तेव्हा सात अध्यायांपैकी सहावा अध्याय त्याने वाद्यांनाच वाहिला. वीणेच्या दांडीपासून मृदंगाच्या शाईपर्यंत या शास्त्रकारांच्या नजरेतून काही सुटले नसावे, असा आपला समज असतो. परंतु एक पाचवा वर्ग त्यांनी नोंदविलेला नाही. या वर्गातील वाद्यांना तार नाही, चामडे नाही, फुंकरीसाठी छिद्र नाही. ती शाईच्या रेषेने जन्मतात, जलरंगाच्या एका हलक्या हाताने त्यांना कांती चढते आणि पुढे जन्मभर ती एका कागदावर निःशब्द उभी राहतात. ती कोणी वाजविलेली नाहीत, कोणी वाजविणारही नाही. आणि तरीही ती पाहताना कानात काहीतरी होते, हे मी अनुभवाने सांगतो.

अशा वाद्यांची माझी पहिली भेट घडविली ती माझ्या भाच्याने. तो लंडनला नोकरी करतो. गेल्या दिवाळीत ग्वाल्हेरला आला, तेव्हा जुन्या पुस्तकांच्या दुकानात मिळालेले एक छोटेखानी पुस्तक त्याने माझ्या हाती ठेवले. ‘मामा, तुम्हांला गाणं आवडतं म्हणून आणलं. पण यात वाचायला फारसं काही नाही हं,’ असे त्याने आधीच बजावून ठेवले होते. ते खरेच होते. पुस्तकात जवळजवळ सारी चित्रेच होती. जेरार्ड हॉफनुंग या चित्रकाराचे, १९५५ साली प्रसिद्ध झालेले, एका काल्पनिक वाद्यवृंदाचे ते चित्रमय दर्शन होते. मी ते एका बैठकीत पाहिले आणि पाहता पाहता एकटाच हसू लागलो. स्वयंपाकघरातून सौभाग्यवती बाहेर आल्या, पाठीमागे उभ्या राहून त्यांनीही दोन पाने पाहिली, आणि गॅसवरच्या दुधाची आठवण आम्हां दोघांनाही ते उतू गेल्यावर झाली.

हॉफनुंगच्या रेषेचे वर्णन करणे सोपे नाही. ती बारीक आहे, किंचित थरथरती आहे, आणि जिथे थांबावयास हवे तिथे नेमकी थांबते. त्याच्या चित्रात वादक आणि वाद्य यांच्यामधील सीमा हळूच पुसली जाते. फुंकणाऱ्याचे गाल वाद्याच्या आकाराचे होतात, वाद्याला वादकाचा स्वभाव लागतो. कुठे वाद्य माणसाला खेळवीत असते, कुठे माणूस वाद्याच्या पोटात हरवलेला असतो. आपल्याकडे एखाद्या कसलेल्या पखवाजियाविषयी ‘तो आणि पखवाज वेगळे राहिलेच नाहीत’ असे आपण गौरवाने म्हणतो. हॉफनुंगने हे वाक्य शब्दशः घेतले आणि चित्रात उतरविले, एवढेच. पुढे १९५९ मध्ये निघालेल्या पुस्तकात तर त्याने वाद्ये ओलांडून खुद्द नादालाच आकार देण्याचा खेळ मांडला.

या माणसाची जीवनकथा समजली, तेव्हा मात्र हसता हसता मी थांबलो. हॉफनुंगचा जन्म १९२५ साली बर्लिनमध्ये, एका सुखवस्तू ज्यू घरात झाला. आई-बापांचा हा एकुलता एक मुलगा. त्याच्या बालपणीच जर्मनीत नाझींची सत्ता आली आणि ज्या नगरात तो वाढत होता, तेथे त्याच्यासारख्यांना जगणेच अशक्य होऊ लागले. दुसरे महायुद्ध पेटण्यापूर्वी हा शाळकरी मुलगा इंग्लंडला पोहोचला. तिथे शिकला, चित्रकला शिकला, काही काळ शाळेत चित्रकलेचा शिक्षकही झाला. हौसेने ट्यूबा हे प्रचंड आकाराचे पितळी वाद्य वाजवू लागला. क्वेकर पंथाच्या शांततावादी मंडळींत सामील होऊन तुरुंगातील कैद्यांच्या भेटीला जात राहिला. आणि हे सारे करीत असताना वाद्यांची चित्रे काढीत राहिला. २८ सप्टेंबर १९५९ रोजी मेंदूतील रक्तस्रावाने तो गेला, तेव्हा त्याचे वय अवघे ३४ होते. जर्मन भाषेत ‘हॉफनुंग’ या शब्दाचा अर्थ ‘आशा’ असा आहे. आडनावे माणसाला वारशाने मिळतात, त्यांना जागण्याचे काम मात्र ज्याचे त्यालाच करावे लागते. हॉफनुंग आपल्या आडनावाला जागला.

त्याच्या चित्रांनी एक अद्भुत करामत केली. ती कागदावरून उठून रंगमंचावर गेली. १३ नोव्हेंबर १९५६ रोजी लंडनच्या रॉयल फेस्टिव्हल हॉलमध्ये त्याने आपल्या चित्रांच्या वृत्तीला साजेशी एक संगीतसभा भरविली. माल्कम अर्नोल्ड या नामांकित संगीतकाराने तिच्यासाठी एक रचना केली. तिच्यात पूर्ण वाद्यवृंदाच्या जोडीला धूळ ओढणारी ३ विजेची यंत्रे, फरशीला चकाकी आणणारे १ यंत्र आणि ४ बंदुका होत्या. त्या काळचा अव्वल दर्जाचा हॉर्नवादक डेनिस ब्रेन याने बागेला पाणी घालण्याच्या रबरी नळीवर मोझार्टच्या वडिलांची एक रचना वाजविली. यात मजा कशाची आहे, हे नीट पाहिले पाहिजे. बेसूर वाजवून लोकांना हसविणे कोणालाही जमते. पण ब्रेनने ती नळी सुरात वाजविली! हास्यासाठीसुद्धा सूर सोडावयाचा नाही, हा त्या सभेचा दंडक होता. १९५८ मध्ये पुन्हा अशी सभा झाली, आणि हॉफनुंगच्या मृत्यूनंतर १९६१ मध्ये त्याच्या चाहत्यांनी आणखी एक सभा भरविली.

काल्पनिक वाद्ये हा काही हॉफनुंगचाच शोध नव्हे. सुमारे पाचशे वर्षांपूर्वी हिएरोनिमस बॉश या चित्रकाराने आपल्या एका त्रिदल चित्राच्या उजव्या फळीवर नरक रंगविला. ते चित्र आज माद्रिदच्या प्रादो संग्रहालयात आहे. त्या नरकात माणसापेक्षा मोठी वाद्ये आहेत. कोणी पापी वीणेसारख्या वाद्याच्या तारांत अडकला आहे, कोणी वाद्याखाली चिरडला आहे. जे सुख त्यांनी जन्मभर भोगले, तेच तिथे त्यांचे यातनायंत्र झाले आहे. पुढे १८४४ साली ग्रांव्हिल या फ्रेंच चित्रकाराने आपल्या ‘दुसरे जग’ या अर्थाच्या नावाच्या पुस्तकात वाफेवर चालणाऱ्या वाद्यांचा जलसा रेखाटला. त्यात कारखान्यांच्या युगाला काढलेला चिमटा आहे. बॉशची वाद्ये भिववितात, ग्रांव्हिलची टोमणा मारतात. हॉफनुंगची वाद्ये यांपैकी काहीच करीत नाहीत. ज्याला बालपणी माणसांचे क्रौर्य जवळून पाहावे लागले, त्याने अशी वाद्ये काढली की ज्यांच्यापासून कोणालाही इजा होणार नाही. मला वाटते, हा योगायोग नव्हे.

आपल्याकडे याच जातीचा एक थोर मनुष्य होऊन गेला. बंगालचे सुकुमार राय. हे मुद्रणकलेतील तज्ज्ञ, लहान मुलांचे लेखक, आणि आपल्या कवितांची चित्रे स्वतःच काढणारे. ‘आबोल ताबोल’ या त्यांच्या संग्रहात बदक आणि साळिंदर एकत्र होऊन एक नवा प्राणी होतो, आणि त्याला तसेच जोडनावही मिळते. ज्याच्या गाण्याने चराचर हैराण होते, असा एक गवईही त्यांच्या दरबारात आहे. काळाआजाराने १० सप्टेंबर १९२३ रोजी, वयाच्या पस्तिसाव्या वर्षी सुकुमारबाबू गेले, आणि त्यानंतर अवघ्या ९ दिवसांनी हा संग्रह प्रसिद्ध झाला. हॉफनुंग आणि सुकुमारबाबू दोघेही अल्पायुषी, दोघेही शाईच्या रेषेचे धनी, आणि दोघांनीही मुलांना असे काही दिले की जे मोठ्यांनी चोरून वाचावे.

कोणी विचारील, जे वाद्य वाजतच नाही त्याचा उपयोग काय? या प्रश्नाचे उत्तर आपल्या भोवतालच्या खऱ्या वाद्यांनीच दिलेले आहे. ताऊस हे तंतुवाद्य पाहा. फारसीत ‘ताऊस’ म्हणजे मोर. पोकळ पोट मोराचे, पुढे मान उंचावलेली, आणि गजाने वाजवावयाचे. ज्याने ते प्रथम घडविले, त्याच्या मनात आधी नाद होता की मोर होता, कोण सांगणार? टिपू सुलतानाचा लाकडी वाघ १७९९ मध्ये इंग्रजांच्या हाती लागला आणि आज तो लंडनच्या संग्रहालयात आहे. खाली पडलेल्या गोऱ्या शिपायावर झडप घातलेल्या त्या वाघाच्या पोटात एक लहानसे ऑर्गन आहे. चित्रात काढून दाखविले असते, तर आपण ‘काय ही कल्पना!’ म्हणून हसलो असतो. ते खरे आहे, म्हणून केवळ आपण गंभीर होतो.

त्याहून बोलके उदाहरण मैहरचे. तेथे बाबा अल्लाउद्दीन खाँ यांनी अनाथ मुलांना हाताशी धरून एक वाद्यवृंद उभा केला आणि त्यासाठी नलतरंग नावाचे वाद्य रचले. कमी-अधिक लांबीच्या नळ्या ओळीने मांडावयाच्या आणि काठीच्या हलक्या आघाताने वाजवावयाच्या. या नळ्या म्हणजे बंदुकीच्या नळ्या होत्या! लंडनच्या सभेत बंदुका वाद्यवृंदात आल्या त्या बंदुका म्हणून. आमच्या मैहरात त्याच्या किती तरी आधी बंदुकांनी आपला धर्म सोडून सुरांची दीक्षा घेतली होती. मिरजेच्या सतारमेकर मंडळींचे पूर्वजही शिकलगार होते. तलवारींना धार देणारे हात एकोणिसाव्या शतकात तंबोऱ्यांच्या भोपळ्यांकडे वळले, कारण तलवारींचे गिऱ्हाईक उरले नव्हते आणि गवयांना तंबोरे हवे होते. धार लावणाऱ्याला धातूची आणि लाकडाची जी समज होती, तीच जवारी लावण्याच्या कामी आली.

आणि ग्वाल्हेरकरांनी याचे नवल तरी का करावे? १८१० मध्ये दौलतराव शिंद्यांची छावणी किल्ल्याच्या पायथ्याशी पडली आणि त्या छावणीचेच शहर झाले. आजही आपण त्याला ‘लष्कर’ म्हणतो. आपल्यांपैकी अनेकांचे पूर्वज भाल्या-तलवारींनिशी किंवा हिशेबाच्या वह्यांनिशी इथे आले. पण ग्वाल्हेरचे नाव जगात गाजले ते गायकीने. याच लष्करात १९१४ साली कृष्णराव पंडितांनी आपल्या वडिलांच्या नावे शंकर गांधर्व महाविद्यालय स्थापिले. इथेच सरोदघर आहे. उस्ताद हाफिज अली खाँसाहेबांच्या त्या वाड्यात आज जुनी वाद्ये मांडून ठेवली आहेत. अफगाण भूमीतून आलेला रबाब आधी लाकडी पट्टीचा आणि तातीच्या तारांचा होता. कोणाच्या तरी मनात आले, की या पट्टीवर पोलादी पत्रा चढविला आणि तारा धातूच्या केल्या, तर सूर तुटणार नाही, लांबेल, घसरेल, मींड घेईल. तो पत्रा चढेपर्यंत सरोद हेही एक काल्पनिक वाद्यच होते. फरक इतकाच की त्याचे चित्र कागदावर नसून कोणा कारागिराच्या डोक्यात होते. जगातले प्रत्येक वाद्य काही काळ न वाजणारे वाद्य म्हणून राहून आलेले आहे.

हे सारे मला एवढे जिव्हाळ्याचे का वाटावे, याला एक कारण आहे, आणि ते सांगितल्यावाचून हा लेख प्रामाणिक होणार नाही. गेल्या चार वर्षांत माझे कान उतरणीला लागले आहेत. आरंभी वर्गातील मुले पुटपुटतात असे वाटे. मग ‘सात’ आणि ‘आठ’ यांतील फरक कळेनासा झाला. स, श, त, फ ही व्यंजने वाक्यांतून गळून पडू लागली. जणू एखाद्या जुन्या पोथीची अक्षरे कसरीने खाल्ली असावीत. हजेरीला आमची मुले ‘जय हिंद’ म्हणून ओरडतात, तेवढे मात्र ठणठणीत ऐकू येते! डॉक्टरांनी तपासणी करून एक आलेख हाती दिला. डावीकडे खालच्या पट्टीचे सूर, उजवीकडे वरच्या पट्टीचे. डावीकडे रेषा सपाट होती आणि उजवीकडे ती आमच्या किल्ल्याच्या कड्यासारखी खाली कोसळली होती. डॉक्टरांनी समजावून सांगितले, की अंतःकर्णातील शंखाकृती नळीत अतिसूक्ष्म केशपेशी असतात. वयोमानाने त्या झडतात, आधी वरच्या सुरांच्या झडतात, आणि माणसात त्या पुन्हा उगवत नाहीत. तानसेनाच्या समाधीजवळच्या चिंचेची पाने चघळली की गळा गोड होतो, अशी आमच्याकडे श्रद्धा आहे. कानांसाठी कोणत्या झाडाची पाने चघळावीत, हे मात्र कोणी सांगून ठेवलेले नाही.

श्रवणयंत्र मी वापरतो. संभाषणाला त्याचा मोठा आधार आहे. परंतु ते बोलणे ऐकण्यासाठी घडविलेले आहे, गाणे ऐकण्यासाठी नव्हे. त्यातून हार्मोनियम पत्र्याच्या डब्यासारखी ऐकू येते. म्हणून गाण्याला बसताना मी ते काढून ठेवतो आणि जे उरले आहे तेवढे ऐकतो. जे गेले ते कोणते, हे मला नेमके ठाऊक आहे. तंबोऱ्याच्या जवारीची झळाळी गेली. तारेखाली सुताचा धागा सरकविताना एका विशिष्ट जागी नाद फुलतो आणि त्याला कंगोरे फुटतात. ते कंगोरे आता मला नाहीत. खर्ज आहे, पंचम आहे. आणि खर्जाच्या तारेतून, कोणी न छेडता, आपोआप उमटणारा तो स्वयंभू गंधार? तो मला अजून ऐकू येतो. कानाला ऐकू येतो की स्मरणाला, याचा निर्णय करण्याच्या भानगडीत मी पडत नाही.

अशा अवस्थेत हॉफनुंगचे पुस्तक हाती आले, आणि त्यातील एकाही वाद्याने मला वगळले नाही. धडधाकट कानाच्या माणसाला त्या चित्रांतून जेवढे ऐकू येते, तेवढेच मलाही आले. शार्ङ्गदेवाने नादाचे आहत आणि अनाहत असे दोन प्रकार मानले, आणि अनाहत नाद योग्यांना मुक्ती देणारा असला तरी लोकांचे रंजन करणारा नव्हे, असे त्याचे म्हणणे आहे. त्या महापंडिताच्या पायांशी बसून मी एवढेच म्हणेन, की आघातावाचून उमटलेला आणि तरीही पोट धरून हसविणारा नाद मी एका चिमुकल्या पुस्तकात ऐकला आहे.

शिक्षकाला स्वतःला आवडलेली गोष्ट मुलांपुढे ठेवल्याशिवाय चैन पडत नाही. आमच्या शाळेत चित्रकलेची जागा बऱ्याच काळापासून रिकामी आहे आणि संगीताची जागा कधी मंजूरच झालेली नाही. कपाटात एक ढोलक आहे, त्याची एक पुडी फाटली आहे. म्हणून एका शनिवारी शेवटच्या तासाला मी स्वतःच आठवीच्या वर्गावर गेलो. हॉफनुंगच्या पुस्तकातील चार चित्रे दाखविली, प्रत्येकाला एक कोरा कागद दिला, आणि फळ्यावर एक वाक्य लिहिले: असे वाद्य काढा, जे जगात नाही. दोन दौती काळी शाई आणि जलरंगाच्या वड्यांचे सहा डबे मी बाजारातून आणले होते. पहिली पाच मिनिटे कोणी कागदाला हात लावीना. मग एका मुलीने उठून विचारले, ‘चूक काढलं तर?’ मी म्हणालो, ‘जे नाहीच, ते चूक कसं होईल?’ त्यावर वर्गात जी कुजबुज उठली, ती मला ऐकू आली नाही, पण दिसली.

त्या तासात ४१ चित्रे झाली. आमची मुले कष्टकऱ्यांची आहेत. कोणाचा बाप ई-रिक्षा चालवितो, कोणाचा दगडफोडीच्या कामाला जातो, कोणाची आई कपडे शिवते. एका मुलीने शिवणयंत्राला सात तारा ताणल्या होत्या. खाली पायटा चालला की वर कापड शिवले जाते आणि सतारही वाजते. खाली तिने सावकाश लिहिले होते, की रात्री आई काम करते तेव्हा आम्हांला झोप लागत नाही, म्हणून हे वाद्य. एका मुलाचे घराणे हिवाळ्यात गजक कुटण्याचे काम करते. त्याने तीळ आणि गूळ यांचा नगारा काढला, आणि चार माणसे मोगऱ्यांनी तो वाजवीत आहेत असे दाखविले. वाजवून झाले की वाद्य खाऊन टाकावयाचे. एकाने शिट्ट्यांच्या कुकरला सनईसारखी छिद्रे पाडली होती. एकाने आपल्या श्योपूरकडच्या छोट्या गाडीचे वाद्य केले. ती दोन फुटी रुळांची, डब्यांच्या टपांवरही माणसे वाहणारी गाडी २०२० मध्ये बंद झाली. त्या मुलाच्या चित्रात प्रत्येक डबा म्हणजे हार्मोनियमची एक पट्टी होती आणि टपावर बसलेली माणसे गात होती. ग्रांव्हिलचे नावही ज्याने ऐकले नाही, त्याने ग्रांव्हिलला आपल्या गावच्या रुळांवर आणून सोडले!

शेवटच्या बाकावर बसणारा एक अबोल मुलगा आहे. त्याने एक भले मोठे नरसाळे काढले होते. नरसाळ्याला कितीतरी बारीक नळ्या फुटलेल्या होत्या. एक मुंगीच्या वारुळाशी, एक चुलीवरच्या चहाच्या पातेल्याशी, एक कावळ्याच्या घरट्याशी, एक म्हाताऱ्या आजीच्या ओठांशी गेलेली. नळ्यांना निळ्या रंगाचा पातळ हात दिलेला होता, आणि तो ओला असतानाच शाई फुटल्यामुळे नळ्या थरथरत असल्यासारख्या दिसत होत्या. फुंकावयाची जागा मला कुठेच सापडेना. मी विचारले, हे वाजवायचे कसे? तो म्हणाला, ‘सर, यह बजाने का नहीं, सुनने का बाजा है।’ माझ्या कानामागच्या यंत्राकडे पाहून त्याला हे सुचले की काय, ते मी विचारले नाही. पण ऐकण्याचेही एक वाद्य असते आणि तेही जुळवावे लागते, हे माझ्या इतक्या वर्षांच्या बैठकींत मला कोणी सांगितले नव्हते.

ही चित्रे आम्ही व्हरांड्यातील भिंतीवर दोऱ्याला चिमटे लावून टांगली. गणिताचे शिक्षक माझे जुने सहकारी आहेत. ती पाहून झाल्यावर ते गंभीरपणे म्हणाले, ‘छान आहे, पण यावर परीक्षेत प्रश्न काय येणार?’ त्यांचा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. आमच्या मुलांना परीक्षेतूनच वर यावयाचे आहे; त्यांच्या आईबापांनी आम्हांवर तेवढ्यासाठीच विश्वास टाकला आहे, आणि एका तासाची किंमत ज्यांच्यापाशी शिकवणीचे पैसे नाहीत त्यांनाच अधिक कळते. मी त्यांना एवढेच म्हणालो, की प्रश्न येणार नाही हे खरे; परंतु पायट्यावर सतार वाजविण्यासाठी त्या मुलीला चाक, पट्टा आणि तारेचा ताण यांचा विचार करावा लागला आहे, आणि नरसाळ्याच्या मुलाने नाद नळीतून कसा प्रवास करतो याची कल्पना केली आहे. या गोष्टी पुढे पुस्तकात येतील तेव्हा त्या त्यांना परक्या वाटणार नाहीत. हे उत्तर त्यांना पटले. मला स्वतःला ते अर्धेच पटले. कारण त्या मुलांनी चाक आणि पट्टा शिकण्यासाठी चित्रे काढली नव्हती. ज्यांच्या वाट्याला घरी आणि शाळेत सारे काही आधीच ठरलेले येते, त्यांना एक तास असा मिळाला की ज्यात ठरविणारे तेच होते. बर्लिनहून परागंदा झालेल्या मुलाने याहून वेगळे काय केले होते?

वाद्यांना नावे देण्याचे काम दुसऱ्या शनिवारी झाले. शिलाई-सतार, गजक-नगारा, कुकर-सनई आणि रेलमोनियम अशी नावे मुलांनी एकमुखाने मंजूर केली. नरसाळ्याच्या वाद्याला मात्र नाव मिळेना. अनेक सूचना आल्या आणि त्या मुलाने मान हलवून साऱ्या नाकारल्या. अजून ते बिननावाचेच टांगलेले आहे. गणिताचे शिक्षक मधल्या सुटीत त्याच्यापुढे उभे राहिलेले मी दोनदा पाहिले.

पुढील शनिवारी काय काढावयाचे, हे मी ठरविणार होतो. तो अधिकार माझ्याकडे राहिलेला नाही. मुलांनी आपसांत बैठक घेऊन विषय कळविला आहे: ही वाद्ये ऐकायला येणारे लोक. कागद मोठे हवेत, अशी त्यांची मागणी आहे; गर्दी फार होणार आहे म्हणे.